विश्लेषण : चर्चच्या पुस्तकावर ही वळवळणारी फुलं कशाला? १८८३ सालचं एक छापचित्र कसं वाचायचं

आधी माझी चूक सांगतो. काही महिन्यांपूर्वी डेस्कवर एका स्टोरी कार्डसाठी मला घाईत ‘जुन्या धाटणीची फुलांची नक्षी’ हवी होती. शोधता शोधता एक काळं-पांढरं चित्र सापडलं. ज्वाळांसारखी वर उसळणारी पानं, ट्यूलिपसारखी फुलं, सगळं एका बाजूला झुकलेलं. मधला भाग कापला, त्यावर मजकूर टाकला आणि कार्ड पुढे पाठवलं. पाच मिनिटांत आमच्या वरिष्ठ सहकारी खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “अरे, मोर कुठे गेले?”

मला प्रश्नच कळला नाही. मूळ चित्र पुन्हा उघडलं. डाव्या आणि उजव्या कडेला दोन पक्षी होते, मान वर करून उभे. मी त्यांना ‘बॉर्डर’ समजून उडवलं होतं. मधल्या गुंत्यात एक फीत होती, तिच्यावर अक्षरं होती. तीही मी अर्धवट कापली होती. म्हणजे चित्राचं नाव, चौकट आणि साक्षीदार हे तिन्ही गायब करून मी फक्त फुलं ठेवली होती.

ते चित्र होतं आर्थर हेगेट मॅकमर्डो या इंग्लिश वास्तुविशारदाच्या ‘रेन्स सिटी चर्चेस’ या पुस्तकाचं शीर्षकपान. साल १८८३. लाकडी ठोकळ्यावरून छापलेलं, आकाराने साधारण २९ सेंटीमीटर उंच आणि २२ सेंटीमीटर रुंद, म्हणजे आपल्या ए-फोर कागदाच्या जवळपास. कलेच्या इतिहासाच्या अनेक पुस्तकांत ‘आर्ट नूव्हो’ या शैलीची सुरुवात याच पानापासून सांगतात. आणि गंमत अशी, की पुस्तकाचा फुलांशी काहीही संबंध नाही. ते लंडनमधली जुनी चर्च पाडू नका, असं सांगणारं पुस्तक आहे.

आधी नुसतं बघा

अर्थ लावायची घाई करण्याआधी चित्र फोनवर पूर्ण दिसेल असं धरा. झूम नको. नजर आधी कुठे जाते? बहुतेकांची खालून वर जाते, कारण देठ तसेच उगवतात. तळाशी ते एकत्र आहेत, वर येताना फाकतात आणि मग एकाच वाऱ्याने दाबल्यासारखे वळतात. पाण्याखालची शेवाळं प्रवाहात जशी हलतात, तसं काहीसं. इथे कुंडी नाही, माती नाही, सावली नाही. फुलं कुठल्या बागेतली, हे सांगायची चित्रकाराला गरजच वाटलेली नाही.

आता फोन उलटा करा. (स्क्रीन फिरायचं बंद ठेवून.) एरवी सजावटीची नक्षी उलटी केली तरी फारसा फरक पडत नाही, कारण डावं-उजवं आणि वर-खाली यांचा तोल आधीच साधलेला असतो. इथे तसं होत नाही. चित्र उलटं केलं की ते पडतं. त्याला दिशा आहे, वेग आहे.

मग कडेचे पक्षी. ते चौकटीत मावावेत म्हणून दोरीसारखे ताणलेले आहेत. मध्ये सगळा गोंधळ, आणि कडेला हे दोघे ताठ उभे. ते काढले की मधला वेग सैल पडतो. माझ्या कार्डात नेमकं तेच झालं होतं. फुलं छान दिसत होती, पण नुसती भिंतीवरच्या कागदासारखी.

शेवटी अक्षरं बघा. पुस्तकाचं नाव वेगळ्या जागी, स्वच्छ, मधोमध छापलेलं नाही. ते फुलांच्या गुंत्यातल्या फितीवर आहे आणि तिच्याबरोबर वाकतं. आज लोगो करणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. १८८३ मध्ये चित्राने अक्षरांना असं आपल्यात ओढून घेणं सरसकट होत नव्हतं.

लाकडाचा इथे संबंध काय?

मी इंजिनीअरिंग केलंय, त्यामुळे मला ‘हे बनलं कसं’ कळल्याशिवाय ‘याचा अर्थ काय’ इथवर जाता येत नाही. आणि या चित्रात तर बनवण्याची पद्धत अर्थात शिरलेली आहे.

लाकडी ठोकळ्यावरची छपाई म्हणजे उठावाची छपाई. जे कोरलं ते खाली गेलं, तिथे शाई लागत नाही, कागदावर पांढरं दिसतं. जे कोरलं नाही ते वर राहिलं, तिथे शाई लागते, ते काळं. कापडावर ठसे मारणारा कारागीर हेच करतो, रबरी शिक्काही याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे कागदावर पेनाने काढण्यापेक्षा इथला हिशेब उलटा असतो. पेनाने काळी रेघ काढायला एक फटकारा पुरतो. ठोकळ्यावर पातळ काळी रेघ ठेवायची तर तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढावं लागतं. उलट पांढरी रेघ हवी असेल तर हत्यार एकदा फिरवलं की झालं. म्हणजे पांढरी रेघ स्वस्त, काळी रेघ महाग.

आता चित्राकडे परत या. काही पानं काळी आहेत, काही पांढरी. एका पानाची कड जिथे संपते तिथेच दुसऱ्याची सुरू होते. ‘मागची मोकळी जागा’ असं काही उरतच नाही. कुठलं पान पुढे आणि कुठलं मागे, हे डोळा दर क्षणी नव्याने ठरवतो, आणि म्हणून चित्र स्थिर असूनही हलतं. राखाडी छटा नाहीत, ही ठोकळ्याची मर्यादा. मॅकमर्डोने ती लपवली नाही, तिच्यावरच चित्र उभं केलं.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. धातूच्या खिळ्यांची उंची ठरलेली असते. ब्रिटिश छापखान्यांत ती ०.९१८ इंच, म्हणजे सुमारे २३.३ मिलिमीटर. लाकडी ठोकळा तेवढ्याच उंचीचा केला की तो खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येतो. तांब्यावर कोरलेल्या चित्राचं तसं नाही, त्याला वेगळं यंत्र आणि वेगळा दाब लागतो. त्यामुळे पुस्तकाच्या पानावर चित्र आणि मजकूर एकत्र नांदवायचे तर लाकूड हाच सोयीचा मार्ग होता. या पुस्तकाचा प्रकाशक जॉर्ज ॲलन, ऑर्पिंग्टन, केंट. हा जॉन रस्किनचा प्रकाशक, आणि स्वतः सुतारकाम व खोदकाम शिकलेला माणूस. मॅकमर्डोही रस्किनच्याच वर्तुळातला. १८७४ मध्ये तो त्याच्याबरोबर इटलीला गेला होता. थोडक्यात, लाकूड, हत्यार आणि कागद यांची कदर असलेल्या मंडळींच्या हातातून हे पान बाहेर पडलं.

मग याला ‘आर्ट नूव्हो’ का म्हणतात?

खरं तर १८८३ मध्ये तसं कुणी म्हणणं शक्यच नव्हतं. सिगफ्रीड बिंग या व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये ‘मेझों द लार नूव्हो’ हे दुकान उघडलं ते डिसेंबर १८९५ मध्ये. शैलीचं नाव त्या दुकानावरून रूढ झालं. जर्मनीत तिला ‘युगेंडश्टील’ म्हणतात, ते म्युनिकमध्ये १८९६ ला सुरू झालेल्या ‘युगेंड’ या साप्ताहिकावरून. इटलीत ‘स्टिले लिबर्टी’, तेही लंडनच्या लिबर्टी या दुकानावरून. एक दुकान, एक साप्ताहिक, पुन्हा एक दुकान. शैलीला नाव द्यायला बाजारच पुढे होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मॅकमर्डोचं पान या साखळीत मागाहून जोडलं गेलं. १९३६ मध्ये निकोलाउस पेव्हस्नर या इतिहासकाराचं ‘पायोनियर्स ऑफ द मॉडर्न मूव्हमेंट’ आलं. लांब, लवचीक, देठासारखी वळणारी रेघ ही या शैलीची खूण मानली, तर तिचं पहिलं उदाहरण हे शीर्षकपान, असं त्याने मांडलं. तेव्हा मॅकमर्डो ऐंशीच्या पुढे होता. तो १९४२ मध्ये वारला. म्हणजे आपण तरुणपणी काढलेलं एक पान एका चळवळीची ‘सुरुवात’ होतं, हे ऐकायला तो जिवंत होता. तोवर तो कलेपेक्षा अर्थशास्त्रावर जास्त लिहीत होता, हा आणखी एक वळसा.

त्याच्या रेघेची तुलना पुढच्या कामांशी करून बघा. ब्रुसेल्समध्ये व्हिक्टर होर्ताचं ‘ओतेल तासेल’ हे घर १८९३ चं. त्याच्या जिन्यातले लोखंडी वेल, फरशीवरची वळणं आणि भिंतीवरची रंगवलेली पानं सगळी त्याच चालीने पळतात. पॅरिस मेट्रोची एक्तोर गिमारने केलेली प्रवेशद्वारं १९०० ची. तिथे देठ बिडाचे झाले. जर्मनीत हेर्मान ओब्रिस्टच्या एका भरतकामातल्या वळणाला समीक्षकाने चाबकाच्या फटकाऱ्याची उपमा दिली आणि ती त्या रेघेला कायमची चिकटली.

इथे एक घोळ नेहमी होतो, तो सोडवून टाकू. फुलं आहेत म्हणून आर्ट नूव्हो, असं नाही. व्हिक्टोरियन काळातल्या भिंतीवरच्या कागदांवर गुलाबांचे ढीग आहेत, पण ते गुलाब छायाचित्रासारखे दिसायला धडपडतात. विल्यम मॉरिसच्या नक्षीत पानंफुलं सपाट आहेत, पण ती पुन्हा पुन्हा येतात आणि जागा शांतपणे भरतात. आर्ट नूव्होमध्ये फूल हे निमित्त असतं. मुख्य पात्र असते ती रेघ, आणि तिच्यातला जोर. मुंबईकरांसाठी वेगळी सूचना : मरीन ड्राइव्हच्या इमारती ‘आर्ट डेको’ आहेत, ‘नूव्हो’ नव्हे. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या त्या याच. तिथली वळणं कंपासने काढलेली वाटतात. मॅकमर्डोची वळणं कुठल्याच कंपासने येणार नाहीत.

ही रेघ आली कुठून? एक धागा जपानी ठोकळाचित्रांचा. १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात जपानी वस्तू मोठ्या प्रमाणात दिसल्या आणि मग सावली न देता सपाट रंगवणं, फांदी चौकटीबाहेर जाऊ देणं, मोकळ्या जागेला किंमत देणं, हे युरोपच्या डोळ्यांना सवयीचं होत गेलं. दुसरा धागा घरचाच, विल्यम ब्लेकचा. त्याने १७८९ मध्येच स्वतःच्या कवितांची पानं वेलींनी अशी वेढली होती, की मजकूर आणि चित्र वेगळे काढता येऊ नयेत. मॅकमर्डोने १८८२ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेंच्युरी गिल्ड’च्या मंडळींना ब्लेकचं वेड होतं. माझ्या मते या पानात जपानपेक्षा ब्लेक जास्त आहे. वर उसळणारी, ज्वाळेसारखी रेघ जपानी चित्रांत क्वचित दिसते, ब्लेककडे सतत.

चर्च का पाडत होते?

आता चित्राखालच्या नावाकडे. सप्टेंबर १६६६ च्या आगीत जुनं लंडन जळालं, त्यात ८० हून अधिक चर्च गेली. त्यानंतर ख्रिस्तोफर रेनच्या देखरेखीखाली ५१ पुन्हा बांधली गेली. रेन मूळचा गणिती आणि खगोलशास्त्राचा प्राध्यापक. वाकड्यातिकड्या, चिंचोळ्या भूखंडांवर त्याने प्रत्येक चर्च वेगळं बसवलं. सेंट स्टीफन वॉलब्रुकचा घुमट किंवा सेंट ब्राइड्सचा मजल्या-मजल्यांनी निमुळता होणारा मनोरा बघितला, की भूमितीवर हुकूमत असलेला माणूस म्हणजे काय ते कळतं.

दोनशे वर्षांनी प्रश्न वेगळाच उभा राहिला. ‘सिटी’त राहणारे लोक उपनगरांत गेले आणि घरांच्या जागी कचेऱ्या आल्या. १८५१ च्या जनगणनेत तिथे सव्वा लाखाहून अधिक रहिवासी होते, १९०१ पर्यंत ते २७ हजारांच्या आसपास आले. रविवारी चर्चमध्ये माणसं नाहीत आणि खालच्या जमिनीला सोन्याचा भाव. १८६० मध्ये कायदा झाला : जवळजवळचे पॅरिश एकत्र करायचे, उरलेलं चर्च पाडून जागा विकायची, आणि त्या पैशातून उपनगरांत नवी चर्च बांधायची. कागदावर अगदी तर्कशुद्ध योजना. पुनर्विकास म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

एकामागून एक इमारती गेल्या. सेंट मिल्ड्रेड पोल्ट्री १८७२ मध्ये, सेंट अँथोलिन त्यानंतर दोन-तीन वर्षांत, सेंट डायोनिस बॅकचर्च १८७८ मध्ये. मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी या चर्चसाठी ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं. सेंट बेनेट पॉल्स व्हार्फ हे एक मात्र अगदी काठावरून वाचलं. लंडनमधल्या वेल्श लोकांनी व्हिक्टोरिया राणीकडे अर्ज केला आणि १८७९ मध्ये ते त्यांना प्रार्थनेसाठी मिळालं. मॅकमर्डोचं पुस्तक या भांडणाच्या मध्यावर आलं.

ज्वाळा, मोर आणि एक खुर्ची

हे कळल्यावर चित्राचा अर्थ एकदम ‘उलगडतो’. निदान मला तसं वाटलं. फुलं ज्वाळांसारखी, म्हणजे १६६६ ची आग. पक्षी राखेतून उठणारे. रेनच्याच सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या दक्षिण दरवाजावर फिनिक्स कोरलेला आहे आणि खाली लॅटिन शब्द आहे, ‘मी पुन्हा उठेन’. ख्रिस्ती परंपरेत मोर हे अमरत्वाचं चिन्ह. सगळं जुळलं! मी टिपणही तयार केलं होतं.

मग खुर्ची आडवी आली.

मॅकमर्डोने साधारण याच सुमारास, १८८२-८३ मध्ये, जेवणाच्या टेबलाची एक महोगनी खुर्ची केली. पाय, बैठक, सगळं साधं, अठराव्या शतकातल्या वळणाचं. फक्त पाठ बघण्यासारखी. लाकूड जाळीसारखं कापून तिथे हेच देठ, हाच झोका आहे. गिल्डच्या कापडांवरही अशीच रेघ फिरते. आता खुर्चीवर लंडनची आग कशाला असेल? जेवताना तिला टेकायचं होतं.

प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांना हे लगेच कळेल. एकच फंक्शन तीन वेगळ्या प्रोग्रॅममध्ये वापरलेलं असेल, तर त्याचा अर्थ त्यातल्या एकाच प्रोग्रॅमच्या विषयातून काढता येत नाही. ही रेघ मॅकमर्डोच्या हातात आधीपासून होती, ती त्याने पुस्तकालाही लावली. मोरांचंही तसंच. त्या दशकात लंडनच्या सजावटीत मोर सगळीकडे होते. व्हिसलरने १८७६-७७ मध्ये एका श्रीमंताची जेवणाची खोलीच मोरांनी रंगवली होती. तेव्हा मोर म्हणजे पुनरुत्थान की मोर म्हणजे फॅशन, याचा निकाल फक्त चित्रावरून लागत नाही.

म्हणजे आगीचं वाचन चूक? मी ते पूर्ण टाकून देणार नाही. खुर्चीवर ती रेघ नुसती नक्षी आहे. पण चर्चच्या पुस्तकावर, जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या इमारतींच्या नावाला वेढून ती आली, की १८८३ च्या लंडनकर वाचकाला आग आठवली असणं शक्य आहे. चित्रकाराने काय ठरवलं होतं आणि वाचकाला काय दिसतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इंटरनेटवर मात्र ‘या चित्राचा गुप्त अर्थ’ अशा मथळ्याखाली ते बिनदिक्कत एक केले जातात, आणि मीही ते करायला निघालो होतो.

मला या पानातला खरा ताण दुसरीकडे दिसतो. रेनची वास्तुकला म्हणजे खांब, कमानी, मोजमाप, तोल. तिच्या बचावासाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या दारात तोलाची पर्वा न करणारी फुलं. मॅकमर्डो जुनं जपा म्हणत होता, पण जुन्याची नक्कल करा असं म्हणत नव्हता. त्याला हवं असतं तर मुखपृष्ठावर दोन खांब आणि एक मनोरा काढणं अगदी सोपं होतं. तो वास्तुविशारदच होता.

पुढे काय झालं?

चर्च पाडणं थांबलं नाही. सेंट ओलाव्ह ज्युरी १८८७ च्या सुमारास गेलं, फक्त मनोरा ठेवला. सेंट मायकेल वुड स्ट्रीट १८९७ मध्ये, सेंट मायकेल बॅसिशॉ १९०० मध्ये, सेंट जॉर्ज बोटॉल्फ लेन १९०४ मध्ये. डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्याने आणखी काही नेली. आज रेनच्या ५१ पैकी जवळपास निम्मीच पूर्ण स्वरूपात उभी आहेत. सेंट ओलाव्हच्या मनोऱ्यात आता कचेऱ्या आहेत.

पुस्तक आज ग्रंथसंग्रहांत आहे आणि आतला मजकूर फारसं कुणी वाचत नाही. शीर्षकपान मात्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. लंडनच्या वॉल्थमस्टोमधल्या विल्यम मॉरिस गॅलरीत मॅकमर्डोच्या कामाचा मोठा साठा आहे. तिकडे जाणं झालंच तर खुर्ची आणि पान या दोन्हींची एकमेकांशी तुलना करून बघा.

माझं कार्ड मी दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. मोर दोन्ही कडांना परत आले, फितीवरचं नाव पूर्ण दिसू लागलं. मोबाइलच्या उभ्या स्क्रीनवर वर-खाली पांढरी जागा उरली. ती भरा, असा मेसेज आला. मी ती तशीच ठेवली.